दोन लाईनी गायब

"तीन लाईनी होत्या, बाई. आता एकच दिसते," असं म्हणून ड्वाइट हाल्वर्सन काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला. "माझी आहे. बायकोची आणि मुलीची गेली. मंगळवारपासून लावतोय, तर म्हणे हा नंबर अस्तित्वात नाही."

ब्रेंडा कोस्कीने पडद्यावर पाहिलं. खरंच एकच लाईन होती, आणि बाकीच्या दोन कुठे गेल्या याबद्दल कॉम्प्युटर एक अक्षर बोलायला तयार नव्हता. गेल्या महिन्यात कंपनीने जुनी प्रणाली काढून नवी बसवली, तेव्हापासून डुलुथच्या या मोबाईलच्या दुकानात रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवत होतं. सोमवारी तर एका पाद्रीबाबांचा नंबर टायरवाल्याला गेला होता. ब्रेंडा सकाळी नऊपासून उभी होती. तिच्या टाचा ठणकत होत्या.

"हेड ऑफिसला फोन केलात?"

"चार वेळा. एकजण म्हणतो दुकानात जा. दुकानवाले म्हणतात हेड ऑफिसला विचारा. काल एकाने सांगितलं, ही माहिती तुम्हाला देता येत नाही. माझ्या प्लॅनची माहिती मला नाही, तर काय शेजाऱ्याला देणार?"

ब्रेंडाला हसू आलं. तिने दुकानातला फोन लावून स्पीकर चालू केला. तेच ते पियानोचं टुणटुण सुरू झालं. तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, असं दर दोन मिनिटांनी एक बाई लाडिक आवाजात सांगायची. या बाईवर ब्रेंडाचा फार दिवसांचा राग होता.

ड्वाइटने खिशातून दम्याचा पंप काढून काउंटरवर ठेवला.

"टेसाचा आहे. नऊ वर्षांची आहे पोरगी. निघायच्या घाईत घरीच राहिला. कॉलीन, म्हणजे बायको, तिला घेऊन आपल्या बहिणीकडे गेलीय. बहिणीने नुकतंच घर बदललंय. पोचले की पत्ता पाठवते म्हणाली, आणि लाईनच गेली."

"मग बहिणीलाच लावा की."

"तिचा नंबर कॉलीनच्या फोनमध्ये. आता कुणाला कुणाचे नंबर पाठ असतात?" त्याने डोळे चोळले. "उद्यापासून बर्फ सांगितलाय. थंडीत टेसाची छाती भरते. मला दुसरं काही नको, बाई. एवढं तिच्या हातात पडलं पाहिजे."

ब्रेंडाच्या थोरल्यालाही लहानपणी दमा होता. शिट्टीसारखा तो श्वास ऐकत बसणं काय असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. माणसाचं तोंड अगदी उतरलं होतं. तिला त्याची मनापासून दया आली.

तिने नियमाप्रमाणे प्रश्न विचारले. कॉलीनच्या लाईनचा पिन, तिच्या आईचं माहेरचं आडनाव, तिच्या पहिल्या कुत्र्याचं नाव. ड्वाइटने सगळं न अडखळता सांगितलं.

"तिला नाही लक्षात राहत. तिचं सगळं मीच बघतो."

"नशीबवान आहे. आमच्या ह्यांना माझा वाढदिवससुद्धा सांगावा लागतो."

पियानो चालूच होता. ड्वाइटने भिंतीवरून एक जाडजूड कव्हर निवडून आणलं. "हेही द्या. कॉलीनसाठी. हातात काही टिकत नाही तिच्या."

"मला आठवतंय ना. वर्षात तीन काचा बसवल्या मी तिच्या फोनला. दुसरी कुणी असती तर भांडली असती. ही आपली गप्प उभी."

"गरीब स्वभाव आहे," ड्वाइट म्हणाला.

पाऊण तासाने पियानो थांबला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, त्या लाईनींबद्दल काही सांगता येणार नाही म्हणाली, सुपरवायझरला विचारते म्हणाली, आणि पुन्हा पियानो. ब्रेंडाचं डोकं फिरलं. अशा कंपनीत आपण अकरा वर्षं काढली, याची तिला लाज वाटली.

मग तिच्या लक्षात आलं. लाईनींची प्रणाली नवी असली, तरी कव्हर-चार्जर घरपोच मागवायची अजून जुनीच होती. भांडलेल्या जावांसारखं दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. तिने जुन्या प्रणालीत कॉलीनचं नाव टाकलं. गुरुवारची मागणी वर आली. एक चार्जर, लहान मुलांचा एक हेडफोन. खाली पत्ता होता, पुलापलीकडच्या सुपीरियर गावातला.

"हे दाखवायची आम्हाला परवानगी नाही हं," असं म्हणत तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "पण बघा. गुरुवारी चार्जर मागवलाय. म्हणजे दोघी सुखरूप आहेत. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेतलाय."

ड्वाइट बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. पत्ता त्याने दोनदा ओठांतल्या ओठांत म्हटला.

"पूल ओलांडला की पंधरा मिनिटं," तो हळूच म्हणाला. त्याने पंप आणि कव्हर खिशात टाकलं. "आठवडाभरात तुम्हीच एक माणसासारख्या वागलात, बाई. विसरणार नाही."

"सावकाश जा. टेसाला माझा एक पापा द्या."

तो गेल्यावर ब्रेंडा स्टुलावर बसली आणि तिने बूट सैल केले. टाचा अजून ठणकत होत्या, पण कितीतरी दिवसांनी तिला या नोकरीबद्दल बरं वाटत होतं. नियमावर बोट ठेवून बसले असते, तर ते पोर तिकडे घुसमटत राहिलं असतं, असं तिच्या मनात आलं. फोन ठेवून द्यावा म्हणून तिने हात पुढे केला, तेवढ्यात पियानो थांबला.

"सुपरवायझर बोलतोय," एक थकलेला पुरुषी आवाज म्हणाला. "आधी स्पीकर बंद करा."

तिने बंद केला आणि रिसीव्हर कानाला लावला.

"हाल्वर्सन समोर आहे का?"

"नाही. दहा मिनिटं झाली त्यांना जाऊन."

"बरं झालं. त्याच्या बायकोने कोर्टाचा आदेश दाखवून त्या दोन लाईनी गुपचूप वेगळ्या करून घेतल्यात. ती आणि मुलगी कुठे लपल्यात, हे आपल्यापैकी कुणाकडूनही त्याला कळता कामा नये."