अकराचा मुहूर्त

पडद्यावर पुन्हा नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या, आणि रिगोबेर्तोने तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिले. अकराला चार मिनिटे कमी होती.

मिग्दालियाबाईंनी त्याच्याकडे लक्षही दिले नाही. हवानातल्या त्या प्रयोगशाळेत आठ वर्षे खपून त्यांनी उभे केलेले यंत्र छताला सायकलच्या चार ट्यूबांनी टांगलेले होते. पितळी सांगाडा गोदीतल्या लेथवर कातलेला, सुईला रेघेरेघेने फिरवणारी आतली चकती एका निकामी भोंग्यातून काढलेली, आणि सुई म्हणजे बाईंनी नखे कापायच्या कात्रीने स्वतः तिरकी कापलेली प्लॅटिनमची तार. ही सुई ग्राफाइटच्या तुकड्याला टेकायची नाही. केसाच्या लाखाव्या भागाइतक्या अंतरावर थांबायची. मधली ती पोकळी इलेक्ट्रॉनला भिंतीसारखीच. ती चढून जाण्याचे बळ त्याच्या अंगी नसते. तरीही भिंत पुरेशी पातळ असली की थोडे इलेक्ट्रॉन ती न चढता, न फोडता पलीकडे निघतात, आणि त्यांच्या त्या क्षीण प्रवाहावरून एकेक अणू टिपता येतो. मात्र अंतर अर्ध्या अणूएवढे वाढले, तरी प्रवाहाचा दहावा हिस्साच उरतो. इथे तर तळमजल्यावरचा पाण्याचा पंप सगळ्या इमारतीला हुडहुडी भरवत होता.

रिगोबेर्तो एके काळी बाईंचा विद्यार्थी होता. आता उपकुलगुरू झाला होता. आज अणूंचे एक पूर्ण चित्र मिळाले नाही, तर यंत्र मोडीत काढून खोली दप्तराच्या कपाटांना द्यायची, असा ठराव तो सोबत घेऊनच आला होता. अणूंची चित्रे हल्ली शाळेच्या पुस्तकातही असतात, मग हा खटाटोप कशासाठी, असे त्याने आल्या आल्या विचारले होते. पुस्तकात भाजलेले डुक्करही असते, बाई म्हणाल्या होत्या. रविवारी त्यावर तुझे पोट भरत असेल, तर खुशाल भर.

अकराच्या ठोक्याला वीज गेली. पंख्याने दोन आळसट गिरक्या घेतल्या आणि तो थांबला. रिगोबेर्तो उठला.

"बाई, आता माझा नाइलाज आहे. अकराला वीज जाणार हे गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. तुम्ही साडेदहाचाच हट्ट का धरलात?"

"वीज जाणार होती म्हणून. बस खाली. खुर्चीत नाही, फरशीवर. आणि बूट काढ."

बाईंची सहायक युस्लेदी हिने टेबलाखालची चादर ओढली. तिथे मोटारीच्या दोन बॅटऱ्या जोडून ठेवलेल्या होत्या. त्यांपैकी एक तिच्या मामाची. मामा आज कामावर पायी गेला होता.

पंप थांबला होता. लिफ्ट थांबली होती. चारही मजले गप्प झाले होते. ही शांतता बाईंनी आठ वर्षांत शेकडो वेळा ऐकली होती, पण दर वेळी तिच्याबरोबर यंत्रही झोपी जात असे. आज ते जागे होते.

बाईंनी सुई उतरवायला घेतली. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरले. पहिली रेघ आली, सरळ. दुसरी आली. विसाव्या रेघेला पडद्यावर मक्याच्या कणसासारखे दाणे धरू लागले, ओळीला ओळ लागून. रिगोबेर्तो नकळत पुढे सरकला. बाईंनी एक बोट त्याच्या कपाळाला लावून त्याला मागे ढकलले. त्याचा श्वास सुईला लागत होता.

निम्मे चित्र झाले. आणि जी वीज उभ्या वर्षात कधी वेळेवर आली नव्हती, ती आज वेळेच्या तीन तास आधी आली. "आली, आली," असा समोरच्या सगळ्या गच्च्यांवरून एकच गिल्ला झाला. खाली पंपाने घसा खाकरला. पडद्यावरचे दाणे फाटले, विस्कटले, आणि त्यांच्या जागी पुन्हा वेड्यावाकड्या रेघा धावू लागल्या.

युस्लेदीने डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र सुई केसभर वर घेतली आणि पुन्हा पहिल्या रेघेपाशी आणून ठेवली. दिवसभर बसावे लागले तरी त्या बसणार होत्या, हे त्यांच्या पाठीवरूनच दिसत होते.

रिगोबेर्तो फरशीवरून उठला. बुटांकडे न बघता, नुसत्या मोज्यांनी, तो दारापर्यंत गेला.

"बाई, या इमारतीच्या विजेचं मुख्य बटण कुठे आहे?"

"जिन्याखाली," पडद्यावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "पाय न वाजवता जा."