टेबलावरची बटणं

"हा शब्द खोडा. तुमच्या हातानं खोडा, मग वही मिळेल."

कारखान्यातल्या त्या टर्नरनं कागद टेबलावर आपटला. साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. काचेच्या पलीकडे कॉम्प्युटरवर बसलेली सगळी पोरं एकदम मान खाली घालून काम करायला लागली.

"अहो, बसा तरी," साहेब म्हणाले. "वहिनींबद्दल आम्हाला आदरच होता."

"आदर खिशात ठेवा. शब्द खोडा."

तो बसला नाही. वही त्यानं काखेत घट्ट धरली होती. वही त्याच्या बायकोची. पंधरा वर्षं ती या ऑफिसात प्रोग्राम लिहीत होती. शहरातल्या बस ड्रायव्हरांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम तिचा होता. ती जाऊन दोन महिने झाले. तिच्या विभागाच्या प्रमुखानं त्या प्रोग्रामात हात घातला आणि गेल्या आठवड्यात एकाच ड्रायव्हरचं नाव एकाच वेळी दोन बसवर लागलं. मग ऑफिसला तिच्या वहीची आठवण झाली.

तिची कामाची तऱ्हा वेगळी होती. ती आराखडा काढायची नाही. जेवायच्या टेबलावर शर्टाची बटणं मांडायची. पांढरं बटण म्हणजे बस, काळं म्हणजे ड्रायव्हर. मग एकेक बटण सरकवत बसायची. "आणि तू बाबा झोपणार कधी?" असं एखाद्या काळ्या बटणाला विचारायची. मनासारखं जमलं की वहीत लिहायची, आणि मग कोड. जेवायची वेळ झाली की तो ती बटणं कोपरानं एका बाजूला लोटायचा आणि ताट ठेवायचा. ताटं उचलली की ती पुन्हा पहिल्यापासून मांडायची.

ती गेली तेव्हा बटणं टेबलावर तशीच होती. तेव्हापासून तो ओट्याशी उभा राहून जेवत होता.

काल वही शोधताना बटणांचा रिकामा डबा त्याच्या हाती आला. तळाशी हा कागद घडी करून ठेवलेला. चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा ऑफिसात कोण कसा विचार करतो याची तपासणी झाली होती. आखून काम करणारे एकीकडे, मांडून बघणारे दुसरीकडे. पुरुष सगळे पहिल्या यादीत, बायका सगळ्या दुसऱ्या. प्रमुखाची जागा पहिल्या यादीतल्या एका पोराला मिळाली. त्याला काम तिनंच शिकवलं होतं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली होती, "नाही झालं." तो म्हणाला होता, "जाऊ दे."

कागदावर टाईप केलेलं होतं: काम करण्याची पद्धत: भातुकली. प्रमुखपदासाठी अयोग्य. खाली साहेबांची सही.

"पंधरा वर्षं राबली ती," टर्नर म्हणाला. "आणि तुम्ही तिला भातुकली म्हणालात? पोरीबाळी खेळतात ती?"

"बायकांचं डोकं वेगळं चालतं, एवढंच," साहेब समजुतीनं म्हणाले. "कमी म्हणत नाही मी. वेगळं. पुरुष आधी नकाशा काढतो, मग घर बांधतो. बायका आधी पसारा मांडतात."

"मग तुमच्या नकाशातून एक माणूस दोन बसवर कसा चढला?"

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तीस वर्षं लेथवर काढली मी," टर्नरचा आवाज चढला. "लावून बघायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. एक जॉब, एक सुटा भाग त्याशिवाय बसला नाही कधी. मग मी कोण? बाई?"

साहेबांनी कागद ओढून पुन्हा वाचला. मग उठून कपाटातून एक फाईल काढली आणि बराच वेळ पानं चाळली.

"'अयोग्य' माझं आहे," ते म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "चुकलंच ते. हे बघा, खोडतो." त्यांनी पेन उघडलं आणि तो शब्द खोडला. "पण दुसरा माझा नाही."

"मग काय माझा? सही कुणाची आहे खाली?"

"तो रकाना ज्यानं त्यानं स्वतः भरायचा होता. आम्ही फक्त टाईप करून घेतला. जागा कमी होती, म्हणून मजकूर छोटा केला. हा वहिनींचा मूळ फॉर्म."

साहेबांनी फाईल त्याच्याकडे फिरवली. वर पेन ठेवलं.

टर्नरनं वही खाली ठेवली आणि चष्मा लावला. अक्षर तिचंच होतं. उजवीकडे कललेलं, घाईचं. वर छापलेला प्रश्न होता: तुमची काम करण्याची पद्धत थोडक्यात सांगा. खाली तिनं लिहिलं होतं:

"नीट सांगता येत नाही. आमच्या घरी याला भातुकली म्हणतात."

त्या घरात माणसं दोनच होती.