कोटाची फाइल

मान जुळवावीच लागली नाही.

ईशानीचा हात माऊसवर थांबला. आईच्या फ्लेक्सच्या दुकानात काम करायला लागल्यापासून चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. श्रद्धांजलीचा बॅनर म्हटला की निम्मा वेळ मानेवरच जायचा. लोक आधार कार्डावरचा नाहीतर वरातीतल्या गर्दीतला फोटो आणत. ईशानी त्यातलं डोकं तेवढं कापून घ्यायची आणि कोटावर बसवायची.

ती कोटाची फाइल आईनं, मालतीबाईंनी, दुकान उघडलं तेव्हा बनवली होती. राखाडी कोट, लाल टाय, मागे निळा पडदा. "इंटरनेटवरून घेतलाय," असं त्या सांगत. कर्जतच्या आसपास भातशेतीवाला गेला काय, मास्तर गेला काय, तो हाच कोट घालून नाक्यावर झळकायचा. कुणी हरकत घेत नसे. नवऱ्याचा बॅनर बघून सोनुबाई तर खुशीत म्हणाली होती, "जित्यापणी नाय घातला गं, आता तरी घातला!"

मालतीबाईंचे धंद्याचे नियम ईशानीला पाठ होते. कडेला दोन इंच जागा सोडायची, तिथे दोरी ओवायच्या रिंगा बसतात. लाल रंग उन्हात उडतो, म्हणून नाव गडद निळ्यात छापायचं. शोकाकुल मंडळींची नावं गिऱ्हाइकाच्याच हातानं लिहून घ्यायची, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात. डोकं कलतं असेल तर फिरवायचं, मोठं असेल तर लहान करायचं, कातडीचा रंग कोटाशी जुळवायचा.

या डोक्याला काहीच करावं लागलं नाही. स्कॅन करून कोटावर ठेवलं आणि ते बसलं. उजेडही त्याच बाजूचा. कानामागे निळ्या पडद्याची एक पट्टी फोटोत राहिली होती. तिच्यावरची चुणी खाली फाइलमधल्या पडद्यावर सरळ उतरली होती.

फोटो आणणारी भाविका समोरच्या स्टुलावर बसून नावं लिहीत होती. विशीतली पोर. साजगावहून आली होती. वडील तिथेच कारखान्यात होते, परवा गेले.

"जवानपणीचा हाय," ती मान वर न करता म्हणाली. "बाबा पाकिटात ठेवायचे. दुसरा कंचाच फोटो त्यांना आवडायचा नाय."

ईशानीनं त्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहिलं. तिचं स्वतःचं लग्न महिन्यावर आलं होतं. लग्नाचा बोर्ड तिनंच तयार केला होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात वडिलांच्या फोटोसाठी एक गोल रिकामा ठेवला होता. ती दोन वर्षांची असताना वडील गेले. फोटो सगळे पुरात वाहून गेले, असं आई सांगायची. दर सर्वपित्रीला आई त्यांच्या नावानं पान वाढायची. वडिलांचा चेहरा कसा होता, ते ईशानीला माहीत नव्हतं. आज सकाळीही तिनं विचारलं होतं, "कुणा नातेवाइकाकडे एखादा तरी असेल ना गं?" आई "नाही" म्हणून कामाला लागली होती.

भाविकानं कागद पुढे सरकवला. "ताई, बघ गं, अक्षर लागतंय का?"

ईशानीनं वाचलं. कै. मनोहर त्र्यंबक गुप्ते. शाळेत गेल्यापासून ती स्वतःच्या नावापुढे मनोहर गुप्ते असं लिहीत आली होती. आजोबांचं नाव त्र्यंबक होतं.

"आई," ती म्हणाली. "आई, इकडे ये."

मालतीबाई मागे बॅनरला रिंगा ठोकत होत्या. हातोडी हातात तशीच घेऊन त्या आल्या. कॉम्प्युटरवर तो माणूस कोट घालून मंद हसत होता. मग त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली.

"हा फोटो खाली कात्रीनं कापलेला आहे ना?" त्यांनी भाविकाला विचारलं.

"हाय की! तुमाला कसं कळलं, काकू?"

"कात्री माझीच होती."

मालतीबाईंनी भाविकाच्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावरच्या शोकाकुल मंडळींवर बोट फिरवत त्या खाली आल्या. बोट एका ओळीवर थांबलं.

"पत्नी म्हणून तुझ्या आईचंच नाव राहू दे," त्या म्हणाल्या. "पण मुलींमध्ये तुझं दुसरं येईल. थोरली ही."