बुधवारचा प्रश्न

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत दर बुधवारी चर्चच्या शांतवन पाळकांच्या घरी बायबलचा शास्त्राभ्यास भरायचा. बदलून आलेली नर्स सुवार्ता दर खेपेला चिठ्ठीवरून एक अवघड प्रश्न वाचायची. चर्चची मंडळी फोडायला हिला कुणीतरी धाडलंय, असा पाळकांना दाट संशय. तरी ते तिच्याशी गोडीनंच बोलत.

आज पाळकांची लेक करुणा सगळ्यांना चहा देऊन मुकाट आत गेली, तशी सुवार्तानं चिठ्ठी उघडली. "बायबलातल्या इफ्ताहानं नवसापायी पोटच्या पोरीचा बळी दिला, तवा देव गप का बसला?"

"ताई, मलाबी ठाऊक न्हाई," पाळक हसून म्हणाले. सभा सुटल्यावर मात्र त्यांनी तिला दारातच गाठलं. "खरं सांगा, कोण पाठवायलंय तुमाला?"

सुवार्तानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. "तुमची करुणा. ती म्हणते, परक्यानं विचारलं की बाबा चिडत न्हाईत."