पाळण्यातली चादर

पाचवा तागाही गवंड्याच्या बोटाला अडकला. पिवळ्या कापडातून एक धागा अलगद वर आला, तसे त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ताई, हाही ओढला हो तुमच्या भावाने," दुकानातल्या बाई हसत म्हणाल्या.

"त्याच्या हाती देऊच नका काही. वीस वर्षं सिमेंटात मुरलेत ते हात," मोठी बहीण म्हणाली. "तू लांब उभा राहा रे. मी बघते."

तो हलला नाही. लेक पंधरा दिवसांची झाली होती, उद्या इस्पितळातून घरी यायची होती, आणि त्याने तिला अजून एकदाही उचललं नव्हतं. नर्सने दोनदा पुढे केली. दोनदा त्याने काहीतरी निमित्त काढलं. निदान तिच्या अंगाखालचं कापड तरी आपण पसंत करावं, म्हणून तो आज कामावर खाडा करून आला होता.

"माप आणलंय का?" बाईंनी विचारलं.

त्याने खिशातली चिठ्ठी दिली. लांबी-रुंदी अगदी इंच-सुतापर्यंत लिहिलेली.

"हे गादीचं झालं. चादर खाली दुमडायला कापड नको?"

"फरशी कुठे दुमडतात, बाई. त्याला काय ठाऊक," बहीण म्हणाली, आणि दोघींना हसू आवरेना. तोही हसला. हात मात्र पुन्हा पाठीमागेच गेले.

बाईंनी पांढरं, बारीक पोताचं कापड पुढे सरकवलं. "हे बघा. चार धुण्यांत लोणी होईल."

"तुम्हीच सांगा मऊ आहे का ते. मला हाताला कळत नाही." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या हाताने तिला ओरखडा उठेल हो."

बहिणीचं हसू थांबलं.

"बाही वर करा," बाई म्हणाल्या. त्यांनी कापडाची घडी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवली. "आता?"

त्याने कोपर हलकेच मिटलं. "मऊ आहे," तो म्हणाला. "गारही आहे."

"तान्ह्या बाळाचं डोकं तिथेच येतं. तळहातावर कोण तोलतं लेकराला? देवाने जागा करून ठेवलीय, दादा."

बाईंनी कात्री उचलली. "किती फाडू?"

"दोन मीटर," बहीण म्हणाली. "आणि थोडं जास्तच धरा."

"ताई," गवंडी म्हणाला, "इस्पितळात संध्याकाळी भेटायला किती वाजता आत सोडतात गं?"

"अरे, उद्या आणायचीच आहे ना तिला?"

"आज नुसतं धरून येतो तिला."

तोवर त्याने दुसरी बाहीही वर दुमडली होती.