आईचं निसर्गप्रेम

"अगंबाई! डावीकडे काय झाडं आहेत बघा," आई म्हणाली आणि बाबांनी गाडी डावीकडे वळवली.

मागच्या सीटवर बाळाला थोपटत बसलेल्या लेकीने मान वर केली. झाडं होती, पण अगंबाई म्हणावं अशी काही नव्हती. सकाळपासून हे असंच चाललं होतं. एरवी घाट लागला की आई डोळे गच्च मिटून, नाकाला रुमाल लावून बसायची. आज या पश्चिमेकडच्या डोंगरांत शिरल्यापासून ती एकही वळण कौतुकाशिवाय सोडत नव्हती. "उजवीकडे केवढी दरी!" "पूल किती अरुंद, नाही?" "समोरून बस आली बघा, केवढी मोठी!"

बसचं कौतुक कोणी करतं का?

काहीतरी शिजत होतं. भांडण म्हणावं, तर भांडल्यावर आई तोंड उघडत नाही. मग आजारपण? "तीन राष्ट्रीय उद्यानं एका दमात बघून टाकू, पुन्हा कुठलं जमायला," हे बाबांचं फोनवरचं वाक्य लेकीला आता वेगळंच ऐकू यायला लागलं.

"आई, मी बसते जरा पुढे. तू बाळाला घे."

"नको!" आई इतक्या चटकन म्हणाली की बाळ झोपेत दचकलं. "मला इथून छान दिसतं."

"बसू दे गं तिला," बाबा खुशीत होते. "चाळीस वर्षं ट्रक चालवला मी, एकदाही शेजारी बसली नाही. आता कुठे हौस आलीय बाईसाहेबांना."

आई हसली नाही. ती रस्त्याकडे बघत होती, पापणीसुद्धा न हलवता.

उद्यानाचं फाटक मागे पडलं आणि रस्ता चिंचोळा झाला. आईचं बोलणं वाढलं. मधे श्वास घ्यायलाही ती थांबेना.

"हरीण! अहो, थांबा, थांबा! रस्त्यातच उभं आहे!"

करकचून ब्रेक लागला. रस्त्याच्या मधोमध एक हरणी उभी होती. तिने गाडीकडे एकदा पाहिलं आणि सावकाश डावीकडच्या गवतात उतरली.

बाबांनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि उजवीकडच्या रिकाम्या दरीत बघत म्हणाले, "वा! शिंगं बघ चिमणे, केवढी!"

आईने मागे वळून लेकीकडे पाहिलं. नुसती मान हलवली. नको म्हणून.

लेकीने बाळाचं डोकं छातीशी घट्ट धरलं. चार तास. चार तास आपण या गाडीत बसलोय. जिभेवर आलेलं सगळं तिने गिळलं.

"बाबा, इथेच बाजूला घ्या. पुढचं मी चालवते. बाळाला आज्जीच हवी आहे."

बाळ गाढ झोपलं होतं. कोणी तसं म्हणालं नाही.

आई बाळाजवळ जाऊन बसली. बाबा उतरले, गाडीवर हात टेकत टेकत वळसा घालून आले. किल्ली देताना त्यांनी आवाज खाली आणला. "ओळखलंस ना?"

"बाबा, गाडीत बाळ होतं."

"चुकलंच माझं." "वाटलं, रस्ता तोंडपाठ आहे. सावल्या दिसतात अजून. आणि नशीब बघ, तुझी आई आजकाल सारखी बडबडत असते, त्याने अंदाज येतो." त्यांनी तिचं मनगट धरलं. "तिला मात्र कळू देऊ नकोस हं. घाबरून जाईल बिचारी."

लेकीने गाडी सुरू केली. रस्ता लख्ख होता, प्रत्येक दगड दिसत होता. बाबा शेजारी मोकळे हात मांडीवर ठेवून बसले होते. दोन वळणं मागे पडली.

मग मागून आईचा आवाज आला, जरासा बसलेला.

"अगंबाई! अहो, उजवीकडे धबधबा बघा."

बाबांनी चेहरा उजवीकडे वळवला. लेकीनेही पाहिलं. तिथे नुसता कोरडा कातळ होता.

"केवढा उंच!" बाबा म्हणाले.

"हो ना," लेक म्हणाली, "आणि पाणी पण भरपूर आहे."