पाळण्यातलं भूत

जत्रेतच पाळणेवाला पटकीने गेला, म्हणून त्याचा उंच, फिरता लाकडी पाळणा कोन गावच्या माळावर तसाच उभा राहिला. वारा सुटला की तो रिकामाच करकरत फिरायचा. त्यात भूत बसतं म्हणून गाव टरकायचं, तरी जाता-येता प्रत्येकाची नजर तिकडेच जायची. कुणाचं पोर तापलं की पाळण्याखाली उतारा ठेवायचा, पानावर भात आणि अंडं, आणि मागे न बघता घर गाठायचं. सकाळी पान साफ असायचं.

लढाईच्या दिवसांत पनवेलच्या रेशन दुकानात तांदूळ मोजकाच मिळू लागला. काशीराम आणि हौसाने घरातल्या म्हातारीला नुसत्या पेजेवर ठेवलं. पण त्यांचं पोर तापलं, तेव्हा भुताचा भात कमी करायची छाती दोघांनाही झाली नाही.

तिन्हीसांजेला उतारा ठेवून काशीराम निघाला. वारा नव्हता, तरी पाठीमागे पाळणा करकरला. त्याला राहवलं नाही, त्याने वळून बघितलं. खालच्या पाळण्यात त्याची आई पान मांडीवर घेऊन जेवत होती.

पदराने तोंड पुसत ती म्हणाली, “हौसाला सांगू नको रं. भुताला तरी तुमी पोटभर वाढता.”